बीव्हरक्रीकची बादली: पहिला लपवलेला डबा आजच्या नियमांत बसला असता का?

३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या संगणक सल्लागारांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत, एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. उपग्रहांवरून जागा शोधण्याविषयी चर्चा करणाऱ्या, यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचातल्या एका गटावर त्यांनी तिचा पत्ता टाकला: उत्तर ४५° १७.४६०', पश्चिम १२२° २४.८००'. सोबत मोजक्या ओळी होत्या. बादली बरीचशी जमिनीत पुरलेली आहे. आत नकाशांचं सॉफ्टवेअर, व्हिडिओ, पुस्तकं, खाण्याचं काही, पैसे आणि एक गलोल आहे. काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. त्यांच्यापैकी माइक टीग यांनी अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. ३० मे रोजी मॅट स्टम यांनी डबे लपवण्या-शोधण्याच्या या खेळासाठी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. २ सप्टेंबर २००० ला जेरेमी आयरिश यांनी त्याच नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा यादीत ७५ डबे होते. आज जगभरात तीस लाखांहून जास्त आहेत. (यातला ‘कॅश’ रोख रकमेचा नव्हे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवलेला साठा. गोंधळ नको म्हणून इथे सरळ ‘डबा’च म्हटलं आहे.)

हीच बादली आज कुणी यादीत घालायला पाठवली, तर रिव्ह्यूअर, म्हणजे यादीत येण्याआधी डबे तपासणारा स्वयंसेवक, ती परत पाठवील. तेव्हा नियमच नव्हते, त्यामुळे दोष कुणाला देण्याचा प्रश्न नाही. पण नवा डबा ठेवणाऱ्याने अभ्यासायला यापेक्षा चांगलं प्रकरण नाही. आजच्या बहुतेक नियमांमागचं कारण या एका बादलीपाशी उभं राहून समजतं.

तीन गुंठ्यांचं गणित

तारीख ३ मेच का? तोपर्यंत अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. क्लिंटन सरकारने १ मेच्या घोषणेनंतर ती बंद केली. आधी यंत्र साधारण १०० मीटरपर्यंत चुकायचं, नंतर १० ते २० मीटर. हा फरक जमिनीत मोजून बघा. १०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे ३१,४०० चौरस मीटर, पावणेआठ एकर. १० मीटरचं वर्तुळ म्हणजे ३१४ चौरस मीटर, जेमतेम तीन गुंठे. पावणेआठ एकरांत बादली शोधायला कुणी जाणार नाही. तीन गुंठ्यांत माणूस तासाभरात हात मारून येतो.

पण या तीन गुंठ्यांत तो करतो काय, हे लपवणाऱ्याच्या मनात येत नाही. शोधणाऱ्याला जागा माहीत नसते. तो प्रत्येक दगड उचलतो, प्रत्येक ढोलीत हात घालतो, पालापाचोळा पायाने सारतो. लपवणारा एक दगड हलवतो, शोधणारे पन्नास हलवतात. डब्याच्या जागेचा विचार करताना हिशेब या पन्नास दगडांचा धरायचा.

पत्ता लिहिताना

अल्मर यांनी वापरलेली पद्धत आजही तशीच आहे: अंश, मग दशांशात मिनिटं, तीन दशांश स्थळांपर्यंत. शेवटच्या अंकातला एकाचा फरक अक्षांशात १.८५ मीटर होतो. रेखांशात तो जागेनुसार बदलतो, बीव्हरक्रीकला सुमारे १.३० मीटर आणि पुण्याला सुमारे १.७६ मीटर.

नवखे लोक हमखास घसरतात ते पद्धतींच्या सरमिसळीत. मोबाइलचा नकाशा बहुधा दशांश अंशांत आकडे देतो. ४५° १७.४६०' म्हणजे ४५.२९१०० अंश. कुणी घाईत ४५.१७४६० असं टाकलं आणि रेखांशातही तीच चूक केली, तर बादलीपासून साधारण १८ किलोमीटर दूर जाऊन उभं राहावं लागेल. आकडे टाकले की तो बिंदू उपग्रहचित्रावर एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

नोंद घेताना यंत्र डब्याच्या जागी दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवावं, आकडा लिहावा, वीस-तीस मीटर दूर जाऊन परत यावं आणि पुन्हा लिहावा. असे पाच आकडे घ्यावेत, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यांची सरासरी काढावी. एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर तो टाकून द्यावा. कड्याच्या पोटाशी किंवा उंच इमारतींच्या मध्ये संकेत भिंतीवर आपटून येतो आणि यंत्र बिनदिक्कत तीस-चाळीस मीटर चुकीचं सांगतं. सह्याद्रीत कातळाखाली डबा ठेवणाऱ्याने वर्णनात एखादी नेमकी खूण द्यावी. नाहीतर लोक कडा चढायला लागतील, आणि ते जिवावर बेतेल.

पुरलेली बादली

आजच्या नियमात डबा पुरायला, अर्धवटसुद्धा, मनाई आहे. जमिनीला भोक पाडायचंच असेल तर जागेच्या मालकाची आधी स्पष्ट परवानगी लागते. ‘डबा पुरलेला असू शकतो’ असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की पुढचा माणूस खुरपं घेऊनच येतो, आणि तीन गुंठे उकरले जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी सुरुवातीला या खेळाला दार बंद केलं, त्यात ही भीती होतीच. शिवाय तिथल्या नियमांनुसार कुठलीही वस्तू २४ तासांपेक्षा जास्त काळ बेवारस ठेवता येत नाही. २००४ पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार रुजला, त्यात डबाच नसतो. एखादी भूरचना बघायची आणि तिच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. नाजूक जागेसाठी तोच बरा.

पुरण्याचा दुसरा तोटा डब्यालाच होतो. खड्डा म्हणजे पाण्याची वाटी. पश्चिम ओरेगॉनात पाऊस ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेंगाळतो, त्या काळात माती ओलीच असते. बादलीचं झाकण वरून येणारा पाऊस थोपवण्यासाठी केलेलं असतं, काठापर्यंत चढलेलं पाणी रोखण्यासाठी नव्हे.

त्याऐवजी डबा जमिनीच्या वर, आडोशाला ठेवावा. पडलेल्या ओंडक्याच्या पोकळीत, मोठ्या खडकाच्या ओसरीत, झाडाच्या बुंध्यामागे. खाली दोन चपटे दगड घालून तळ बोटभर उचलावा. तोंड वर न ठेवता आडवं किंवा खाली करावं. बाहेरून दुसरं आवरण असेल, पीव्हीसी पाइपाचा तुकडा किंवा पोकळ लाकूड, तर त्याच्या तळाला ६ मिलीमीटरची दोन भोकं पाडावीत. आवरणात साचलेलं पाणी आतल्या डब्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. झाडाला खिळा किंवा स्क्रू ठोकायचा नाही.

पाणी आत कसं शिरतं

डबे नासतात ते पाण्याने, आणि लोकांना वाटतं तसं पाणी फक्त वरून पडून आत जात नाही. डबा श्वास घेतो. दुपारच्या उन्हात आतली हवा ४० अंशांपर्यंत तापते, मग सर येते आणि डबा २५ अंशांवर उतरतो. झाकण घट्ट असेल तर आतला दाब सुमारे ५ टक्क्यांनी घसरतो. म्हणजे तो डबा अर्धा मीटर पाण्याखाली धरल्यासारखा होतो, आणि त्याच क्षणी झाकणाच्या फटीवर पावसाचं पाणी ओघळत असतं. फट केसाएवढी असली तरी थेंब आत ओढला जातो. उन्हाळ्यात कोरडा राहिलेला डबा पहिल्या वळवातच ओला का होतो, त्याचं उत्तर हे आहे.

म्हणून डबा निवडताना झाकणाची रबरी रिंग बघायची. चार बाजूंनी क्लिपा लागणारे, झाकणात सिलिकॉनची रिंग असलेले स्वयंपाकघरातले डबे चांगले टिकतात. कमकुवत असतात त्यांच्या क्लिपांच्या बिजागऱ्या. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि दोन-तीन वर्षांत एखादी क्लिप हातात येते. अमेरिकेत जुन्या लष्करी सामानाच्या दुकानांत मिळणाऱ्या काडतुसांच्या पत्र्याच्या पेट्या सगळ्यात टिकाऊ मानल्या जातात, बाहेरचे लष्करी शिक्के रंगाने झाकून. आपल्याकडे त्या वापरू नयेत. तशी पेटी दिसली की पुढे काय होईल हे सांगायला नको. छोट्या डब्यासाठी कोल्ड्रिंकच्या बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची ती जाड नळी, उत्तम. भिंत जाड, आटे नीट, झाकण साध्या बाटलीचं. फोटोच्या रिळाच्या जुन्या डब्या मात्र गळतात, विशेषतः ज्यांचं झाकण काठावरून बाहेर बसतं त्या.

घरी दोन चाचण्या करून मगच डबा रानात न्यावा. कागदाची बोटभर रुंद पट्टी काठावर ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना, कोपऱ्यांवर विशेष, ती अडली पाहिजे. जिथून सुळकन निघाली तिथून पाणी जाणार. दुसरी चाचणी: आत टिश्यू पेपर टाकून बंद डबा तासभर उन्हात तापवा, मग दगड ठेवून थंड पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा. बाहेरून नीट पुसून उघडा. टिश्यूवर एक डाग जरी दिसला तरी तो डबा परत स्वयंपाकघरात.

झिपच्या पिशवीवर भिस्त ठेवू नका. शोधणारा मातीच्या हातांनी ती बंद करतो. रुळात गवताची एक काडी किंवा वाळूचे चार कण अडकतात आणि झिप लागल्यासारखी दिसते, पण लागलेली नसते. आत वही भिजून फुगते, पानं एकमेकांना चिकटतात, आणि उघडायला गेलं की कागदाचा लगदा नखाला लागतो. वर ही पिशवी आतली ओल बाहेरही जाऊ देत नाही. सिलिका जेलची पुडी रिंग चांगली असेल तरच कामाची. एरवी ती काही आठवड्यांत तृप्त होते आणि नुसता पाहुणा म्हणून पडून राहते.

वही पावसात टिकणाऱ्या कागदाची असावी. लिहायला पेन्सिल, कारण बॉलपेन ओल्या कागदावर उमटत नाही आणि जेलची शाई पसरते. साध्या पेन्सिलीचा आठ-नऊ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. १०० मिलीलिटरपेक्षा लहान डब्यात पेन्सिल मावत नसेल तर यादीतल्या वर्णनात तसं लिहावं. सही हवी आणि पेन नाही, अशा वेळी लोक काडीने किंवा चिखलात बोट बुडवूनही सही करतात, आणि त्या चिखलानेच रिंग खराब होते.

आत काय होतं

अल्मर यांच्या यादीतलं खाणं आज चालणार नाही. वासाने प्राणी येतात, आणि प्राण्याला डबा फोडायला किल्ली लागत नाही. आपल्याकडे माकडांना बंद डब्याचीही ओळख असते. सुगंधी साबण, अत्तर, वासाची मेणबत्ती यांनाही हेच लागू. गलोल आणि चाकूसारख्या वस्तू, दारू, फटाके, औषधं बाहेर. डबा आठ वर्षांचं मूल उघडणार आहे असं धरूनच भरायचा. पैसे निषिद्ध नाहीत, पण पहिल्याच माणसाबरोबर जातात. ‘काही घ्या, काही ठेवा’ ही मूळ अट मात्र टिकली आहे, आणि तिला जोड मिळाली ती ‘तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं ठेवा’ याची. ती पाळली गेली नाही की वर्षभरात डब्यात तुटकं बटण आणि भिजलेलं तिकीट उरतं.

जागा आणि परवानगी

दोन वेगळ्या डब्यांमध्ये किमान ०.१ मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर लागतं. अमेरिकेत चालू रेल्वेमार्गापासून १५० फूट दूर राहावं लागतं. शाळा, विमानतळ, लष्करी जागा, मोठे पूल हे टाळायचेच. जमीन कुणाची आहे हे कळल्याशिवाय डबा ठेवायचा नाही.

शहरात न सांगता ठेवलेल्या डब्याचं काय होतं, ते जुलै २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात दिसलं. कॅफेबाहेर लपवलेल्या एका लहान डब्यापाशी कुणी घुटमळताना दिसलं, पोलिसांना फोन गेला, रस्ता रिकामा केला गेला आणि लष्कराच्या पथकाने डबा नियंत्रित स्फोटाने उडवला. ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही घोषणा मुंबईच्या प्रत्येक स्थानकावर ऐकू येते. तिथे पूल, स्थानक, बाजार, देवळाचा परिसर यांच्या आसपास डबा ठेवणं पोलिसांना कामाला लावणं आहे. गावाजवळ ठेवायचाच तर पारदर्शक डबा घ्यावा. वर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहावं: ‘हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे. धोका नाही. पाहून जागेवर ठेवा.’ खाली यादीतला क्रमांक. शेजारच्या टपरीवाल्याला आणि वॉचमनला आधी सांगावं. ज्याला माहीत आहे तोच डब्याचा राखणदार होतो.

गडांविषयी आमचं मत ठाम आहे. तटबंदीतला सैल दगड काढून मागे डबा ठेवणं हा गुन्ह्याइतकाच वाईट प्रकार आहे, संरक्षित स्मारक असो वा नसो. वर म्हटलेला पन्नास दगडांचा हिशेब इथे तटाला लागू होतो. डबा पायथ्याच्या वाटेवर, गावाच्या संमतीने ठेवता येतो. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीच नाही. आणि सह्याद्रीतल्या कुठल्याही कपारीत हात घालण्याआधी काठीने चाचपणं आवश्यक आहे. सापाला आणि मधमाश्यांनाही तीच जागा आवडते. म्हणून खोल कपारीत, जिथे आत दिसत नाही तिथे, डबा ठेवूच नये.

ठेवल्यानंतर

त्या बादलीच्या संदेशात एक गोष्ट नव्हती: तिच्याकडे परत कोण, कधी बघणार. आज यादीत नाव घालतानाच देखभाल कोण करणार हे बघितलं जातं. सुट्टीत गेलेल्या गावी डबा ठेवून यायचं म्हटलं तर रिव्ह्यूअर विचारतो, तिथे तुमच्या वतीने जाणारं कोण आहे? उत्तर नसेल तर डबा यादीत येत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात वर्षाला तीन फेऱ्या धराव्यात. मेच्या अखेरीस रिंग आणि आडोसा तपासायला, जुलैत उघाड बघून एकदा, आणि सप्टेंबरअखेर पूर्ण स्वच्छतेला. महाबळेश्वरसारख्या वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पावसाच्या ठिकाणी जुलैची फेरी जमणार नसेल, तर डबा जूनमध्येच उचलून यादीत ‘तात्पुरता बंद’ करावा. त्यात कमीपणा काही नाही.

फेरीला जाताना नवी वही, दोन पेन्सिली, कोरडं फडकं, जादा रिंग, सिलिकॉन ग्रीस आणि कचऱ्याची पिशवी घ्यावी. डब्याकडे लगेच जाऊ नका. आधी दहा मीटरवरून जमीन बघा. गवतात नवी पायवाट पडली असेल, दगड उलटे पडलेले दिसले, तर शोधाचा ताण जागेला झेपत नाही. डबा हलवा किंवा वर्णनात खूण सोपी करा. मग यंत्रावर आकडे पडताळा, कारण शोधणारे डबा ‘अधिक चांगल्या’ जागी सरकवतात, आणि अशा चार सरकवण्यांत तो दहा मीटर जातो. उघडल्यावर वास घ्या. कुबट वास आला तर पाणी दिसत नसलं तरी ओल आहे. सगळं बाहेर काढून डबा पुसून पंधरा मिनिटं वाळू द्या. रिंग काढून तिची खाचही पुसा. प्रेशर कुकरच्या रिंगेसारखीच ही रिंग कडक झाली, चकाकली किंवा चिरली की बदलायची. चांगली असेल तर ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. जाड थर माती धरतो.

भरलेली वही फेकू नका, तिचे फोटो घेऊन ठेवा. ऑनलाइन ‘सापडला’ लिहिणाऱ्याची सही वहीत असलीच पाहिजे, आणि वाद झाला तर ही वहीच कामी येते.

फेऱ्यांच्या मध्ये ऑनलाइन नोंदी वाचत राहायच्या. एखाद्याला डबा सापडला नाही तर तो त्याचा दिवस असेल. सोप्या डब्यावर ओळीने तीन जणांना नाही सापडला, तर तो बहुधा गेला. ‘वही भिजली’ अशी तक्रार आली की आधी उत्तर लिहा, मग डबा तात्पुरता बंद करून दुरुस्तीची तारीख द्या. अशी बंद नोंद साधारण चार आठवडे चालते. काही हालचाल दिसली नाही तर रिव्ह्यूअर ती कायमची बंद करतो. दुरुस्ती झाली की देखभालीची नोंद टाकायला विसरू नका, नाहीतर तक्रारीची खूण यादीत तशीच लटकत राहते.

एक सवय मोडून काढायला हवी. डबा सापडला नाही म्हणून शोधणाराच खिशातला नवा डबा तिथे टाकतो आणि ‘सापडला’ लिहून मोकळा होतो. हेतू मदतीचा असतो, पण मूळ डबा बऱ्याचदा दोन मीटरवर शाबूत असतो. मग एका जागी दोन वह्या होतात, आणि त्या नव्या डब्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

छंद सोडायचा झाला तर डबा दुसऱ्याच्या नावावर करता येतो. कुणी घेत नसेल तर यादीतून काढायचा आणि त्याच आठवड्यात जाऊन उचलायचाही. यादीतून गेलेला पण रानात राहिलेला डबा हा निव्वळ प्लास्टिकचा कचरा आहे.

बादलीच्या जागी आज

ती बादली आता तिथे नाही आणि तिची मूळ नोंद बंद आहे. २००३ मध्ये छांदिष्टांनी त्या जागी स्मृतिफलक बसवला. त्याच सुमारास तिथे बादलीतला घेवड्याचा डबा सापडला. खाण्यातलं तेवढंच उरलं होतं. तो डबा आता क्रमांक देऊन जपला आहे आणि छांदिष्टांच्या मेळाव्यांत लोकांना बघायला ठेवला जातो.

पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हरटन-हिल्सबरो भागात चिप उद्योगातली मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी हा फलक गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. नाव सारखं वाटलं तरी बीव्हरक्रीक आणि बीव्हरटन ही दोन टोकांची गावं आहेत. बीव्हरक्रीक पोर्टलंडच्या आग्नेयेला येतं. फलकाशी जोडलेला नवा डबा यादीत आहे. जाताना पेन्सिल न्या, सही केल्यावर झाकणाच्या काठावरून एकदा बोट फिरवा, आणि चारही बाजू बसल्या की नाही ते बघूनच निघा.